नुरा कुस्तीच्या बाजारात गामा

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये एक दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ या दिवशी गामा पैलवानाने तो उचलला असं त्यावर कोरलेलं आहे. वजन सांगतात १२०० किलो. आता आपण पडलो इंजिनिअरिंगवाले, आकडा दिसला की हात कॅल्क्युलेटरकडे जातोच. दगडाची घनता घनमीटरला २७०० किलो धरली तर १२०० किलोचा दगड साधारण पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट बाजूचा निघतो. म्हणजे वजनाचा आकडा अगदीच हवेतला नाही. पण उचलणं? २०१६ साली एडी हॉल नावाच्या ब्रिटिश माणसाने ५०० किलोचा बार जमिनीवरून मांडीपर्यंत उचलला, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आलं आणि अख्ख्या जगात बातमी झाली. गामा त्याच्या दुप्पट-अडीचपट वजन उचलून वर चालला, हे पचत नाही. दगड कलता केला असेल, जागचा हलवला असेल, तेही काही कमी नाही.

रोज दहा लिटर दूध, अर्धा डझन कोंबड्या, तीन हजार दंड, पाच हजार बैठका... हे आकडेही त्याच दगडाच्या जातीचे. (आपल्या मेसच्या दुधाचे दहा लिटर म्हणत असाल तर मात्र शक्य आहे. त्यात दूध किती असतं ते सर्वांना ठाऊक आहेच!)

मला कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जो माणूस खऱ्या कुस्तीत जवळजवळ अर्धशतक कोणाला हरला नाही, त्याच्याभोवती एवढं वाढवून सांगण्याची गरज कोणाला पडली? उत्तर शोधत गेलो तेव्हा कुस्तीपेक्षा कुस्तीच्या धंद्याचीच माहिती जास्त मिळाली. त्या धंद्यात फसवणूक इतकी मुरलेली होती की खरा पैलवान आला तरी लोकांना ती थापच वाटायची. आणि गामाला जो जगज्जेतेपदाचा पट्टा मिळाला तो ज्याच्या साप्ताहिकाच्या नावाने मिळाला, तो गृहस्थ पुढे इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला ठग म्हणून तुरुंगात गेला. ही सगळी भानगड आपल्या हॉस्टेलच्या पोरांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

गामाचं खरं नाव गुलाम मोहम्मद बक्श. १८७८ चा जन्म, घराणं काश्मिरी, पंजाबात अमृतसरकडे स्थायिक झालेलं. वडील अझीझ बक्श हे दतिया संस्थानचे पैलवान. गामा सहा वर्षांचा असताना ते वारले. मग आजोबांनी आणि त्यांच्यानंतर मामाने त्याला आखाड्यात वाढवलं. १८८८ साली जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली. चारशेच्या वर पैलवान जमले होते. एकेक जण थकून बसत गेला आणि शेवटच्या पंधरा जणांत एक दहा वर्षांचा पोरगा उरला, तो गामा. वय बघून महाराजांनी त्यालाच विजेता ठरवलं. नंतर तो कित्येक दिवस अंथरुणाला खिळून होता म्हणे. पण दतियाच्या महाराजांची नजर पडली आणि त्याच्या खुराकाचा प्रश्न मिटला.

हा खुराकाचा मुद्दा नीट लक्षात घ्या, पुढे तो लागणार आहे. त्या काळचा पैलवान तिकिटांवर जगत नसे. राजा त्याला दूध, तूप, बदाम, राहायला जागा आणि महिन्याचा तनखा द्यायचा. बदल्यात पैलवान जिंकला की राजाचं नाव व्हायचं. प्रेक्षक दहा आले काय आणि दहा हजार आले काय, पैलवानाच्या दुधात फरक पडत नव्हता. त्यामुळे कुस्ती दोन मिनिटांत संपली तर पैसे फुकट गेले असं कोणी म्हणत नसे. उलट जितक्या लवकर चितपट, तितका मान मोठा. आपल्याकडच्या जत्रांतल्या फडावर अजूनही थोडाफार हाच न्याय चालतो. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते, इनाम गावकरी वर्गणी काढून ठेवतात आणि निकाली कुस्ती करणाऱ्यालाच पुरा मान मिळतो.

विशी-पंचविशीत गामाने एकेका संस्थानातले नामांकित पैलवान पाडले. अडला तो फक्त रहीम बक्श सुलतानीवालापाशी. रहीम बक्श जवळपास सात फुटांचा, गामा पावणेसहा फुटांच्याही आतला. वयाने रहीम मोठा, पण अंगाने डोंगर. दोघांची कुस्ती तासन् तास चालूनही सुटली ती बरोबरीत. तिथून गामाचं नाव देशभर झालं.

आणि मग १९१० साली त्याला लंडनला नेण्यात आलं.

नेणारा होता आर. बी. बेंजामिन नावाचा प्रमोटर. सोबत गामाचा भाऊ इमाम बक्श, शिवाय अहमद बक्श आणि गामू. खर्चाला बंगालमधल्या एका धनिकाचा हात होता. लंडनमध्ये तेव्हा कुस्तीची लाट होती, पण ही लाट कशी होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी जॉर्ज हॅकेनश्मिट हा तगडा पैलवान लंडनला आला होता. प्रतिस्पर्ध्यांना तो इतक्या झटपट पाडायचा की प्रेक्षक कंटाळले. मग सी. बी. कॉक्रन नावाच्या प्रमोटरने त्याला धंदा शिकवला. समोरचा कच्चा असला तरी कुस्ती लांबवायची, मध्ये थोडं हरल्यासारखं करायचं, लोकांचा श्वास अडकवायचा आणि मग पाडायचं. थिएटरं भरायला लागली. इथे एक बारीकशी रेघ ओलांडली गेली. पैलवान खरा, ताकद खरी, पण वेळ खोटी. एकदा वेळ ठरवून घेता आली की निकाल ठरवायला कितीसा वेळ लागतो? यालाच आपण नुरा कुस्ती म्हणतो. हल्ली हा शब्द राजकारणाच्या बातम्यांत जास्त वाचायला मिळतो, पण मूळ आखाड्यातला.

अमेरिकेत तर याच्या पुढची पायरी गाठली होती. तिथे जॉन मेब्रे नावाच्या माणसाची टोळी होती. तिची पद्धत अशी. एखाद्या छोट्या गावातला पैसेवाला माणूस हेरायचा. त्याच्या कानात सांगायचं की अमुक कुस्तीचा निकाल आम्ही आधीच ठरवलाय, तू आमच्या माणसावर पैसे लाव, पैज बुडणं शक्यच नाही. माणूस हावरट असला की हजारो डॉलर घेऊन यायचा. कुस्ती सुरू व्हायची, ठरलेला माणूस जिंकायला लागायचा आणि ऐन वेळी तोंडात लपवलेली रक्ताची पिशवी फोडून तो धाडकन पडायचा. मेला! मेला! म्हणून पळापळ. पैजेची कुस्तीच बेकायदा, त्यात खून झाला असं वाटल्यावर सावजही जिवाच्या आकांताने पळून जायचा. पैसे गेले तरी पोलिसांत कसा जाणार? कारण तो स्वतःच फसवायला आला होता ना! घोड्यांच्या शर्यती आणि बॉक्सिंगमध्येही हेच चालायचं. मार्च १९१० मध्ये आयोवा राज्यातल्या कौन्सिल ब्लफ्स गावी खटला होऊन मेब्रे आणि त्याच्या साथीदारांना शिक्षा झाली. टोळीत खरे पैलवान होते, प्रमोटर होते. म्हणजे गामा ज्या वर्षी लंडनला उतरला, त्याच वर्षी कुस्तीच्या नावावर चाललेली ही फसवणूक कोर्टात उघडी पडली होती.

आता कल्पना करा. अशा वातावरणात बेंजामिन जाहिरात देतो की आमच्या हिंदी पैलवानांसमोर कोणीही पाच मिनिटं टिकून दाखवा आणि पाच पौंड घेऊन जा. कोणालाही मज्जाव नाही. तेव्हा लंडनमध्ये जपानचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथल्या तीस जपानी मल्लांना गामा एका तासात ओळीने पाडेल, असंही आव्हान दिलं गेलं. वाचणाऱ्याला काय वाटेल? आणखी एक थाप! पावणेसहा फुटांच्या आतला, नव्वद-एक किलोचा माणूस असं बोलतोय म्हणजे नक्कीच प्रमोटरची पब्लिसिटी. नामांकित पैलवान बरेच दिवस पुढेच आले नाहीत. खोट्या जाहिरातींच्या बाजारात खऱ्या जाहिरातीची किंमतही शून्य झाली होती.

अखेर ८ ऑगस्ट १९१० रोजी अल्हाम्ब्रा थिएटरात अमेरिकन पैलवान डॉ. बेंजामिन रोलर समोर आला. हा खराखुरा एम.डी. डॉक्टर, गामापेक्षा उंच आणि वजनाने भारी. गामाने त्याला पहिल्यांदा १ मिनिट ४० सेकंदांत पाडलं, दुसऱ्यांदा ९ मिनिटं १० सेकंदांत. सप्टेंबरच्या ५ तारखेला इमाम बक्शने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला दोन्ही वेळा मिळून सव्वाचार मिनिटांच्या आत चीत केलं. लेम म्हणजे युरोपातला पहिल्या फळीचा गडी. आता लोकांचे डोळे उघडले.

इथेच 'जॉन बुल'चा पट्टा येतो. 'जॉन बुल' हे इंग्लंडमधलं तुफान खपणारं साप्ताहिक. त्याच्या नावाने जगज्जेतेपदाचा पट्टा आणि २५० पौंडांचं बक्षीस लागलं. साप्ताहिकाचा मालक-संपादक होरेशिओ बॉटमली, तेव्हा पार्लमेंटचा मेंबर. हा माणूस अनाथाश्रमात वाढलेला, वकिलाच्या ऑफिसात पोऱ्या म्हणून लागलेला, पण जिभेवर सरस्वती आणि खिशात दुसऱ्याची लक्ष्मी. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींच्या नावाने त्याने एकामागून एक कंपन्या काढल्या, शेअर विकले, कंपन्या बुडाल्या. १८९३ साली फसवणुकीच्या खटल्यात स्वतःच वकिली करून सुटला. एक किस्सा तर सिनेमात शोभेल असा आहे. १९१४ साली बेल्जियममधल्या ब्लँकेनबर्गला समुद्रकाठच्या शर्यतीत धावणारे सहाच्या सहा घोडे त्याने स्वतः विकत घेतले, जॉकींना कोणी कितव्या नंबरावर यायचं ते पढवून ठेवलं आणि मग पैसे लावले. शर्यत सुरू झाली आणि समुद्रावरून असं दाट धुकं आलं की जॉकींना एकमेकांचे घोडेच दिसेनात. नंबर उलटेसुलटे झाले आणि साहेबांचे पैसे बुडाले! निसर्ग पंच झाला की मॅच फिक्स करणं अवघड.

गामाच्या कुस्तीत बॉटमलीने काही गडबड केली असं म्हणायला काही आधार नाही, आणि तसं म्हणणं गामावरही अन्याय होईल. उलट गंमत ही की त्या सगळ्या मांडवात खरी होती ती फक्त कुस्ती.

१० सप्टेंबर १९१०, शेफर्ड्स बुशचं स्टेडियम. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को. वजन शंभर किलोच्या बरंच वर, मान नाहीच, खांद्यावरच डोकं ठेवल्यासारखा. पहिल्या मिनिटातच गामाने त्याला खाली घेतलं. आणि मग झबिस्कोने जे केलं त्याला आपण हॉस्टेलच्या भाषेत फेविकॉल म्हणू. तो पोटावर पालथा पडला आणि उठायचं नावच घेईना. मॅटवरच्या त्या नियमांत दोन्ही खांदे टेकल्याशिवाय निकाल नाही. आपल्या मातीत असं पडून राहिलेल्याला प्रेक्षकांनीच हुसकून लावलं असतं. गामा उलटवायचा प्रयत्न करतोय आणि हा जमिनीला चिकटलेला, असं अडीच तासांहून जास्त चाललं. शेवटी अंधार पडू लागला आणि कुस्ती थांबवण्यात आली. बरोबरी. पुढच्या शनिवारी, १७ तारखेला पुन्हा भिडायचं ठरलं.

१७ तारखेला गामा आला. झबिस्को आलाच नाही. त्याची आई आजारी असल्याने तो देशाबाहेर गेल्याचं सांगण्यात आलं. पट्टा आणि २५० पौंड गामाला जाहीर झाले.

इथे खरं तर कथा टॉप गिअरला जायला हवी होती. नवा जगज्जेता, लंडन शहर, पुढे अमेरिका. पण तसं काहीच झालं नाही. गामाशी लढायला कोणी तयार होईना. अमेरिकेचा चॅम्पियन फ्रँक गॉच त्याच्यासमोर कधी आला नाही. त्या धंद्यात ठरवून लांबवायची किंवा हरायची तयारी दाखवली असती तर थिएटरवाले रांगेत उभे राहिले असते. पण नऊ मिनिटांत संपणाऱ्या कुस्तीवर पूर्ण संध्याकाळचं तिकीट कसं लावणार? माझ्या मते गामाची अडचण ही होती. प्रमोटरला जिंकणारा पैलवान नको असतो, त्याला सांगितलेल्या वेळी जिंकणारा किंवा हरणारा पैलवान हवा असतो. गामा आणि मंडळी मायदेशी परतली.

परतल्यावर अलाहाबादला गामाने रहीम बक्शला अखेर हरवलं आणि तो रुस्तुम-ए-हिंद झाला. आपल्या महाराष्ट्राचा धागा इथेच जुळतो. १९१२ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतलं आणि तिथल्या पहिल्या मोठ्या कुस्तीत लढला तो गामाचा भाऊ इमाम बक्श, गुलाम मोहिद्दीनशी. खासबाग मी बघितलंय. प्रेक्षकांच्या बैठका उतरत्या आणि हौद मधोमध, त्यामुळे अगदी शेवटच्या ओळीतूनही पैलवानाचे पाय दिसतात. लबाडी लपवायला जागाच नाही असं ते बांधकाम आहे. सिव्हिलच्या मित्रांनी एकदा जाऊन बघावं. महाराजांच्या पदरी देशभरचे मल्ल होते आणि लोकांना अस्सल निकाली कुस्ती बघायला मिळायची, कारण खर्च दरबार सोसत होता.

गामालाही असाच आश्रय पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंगांकडे मिळाला. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा त्याच्या हस्ते गामाला चांदीची गदा मिळाली.

तिकडे इंग्लंडमध्ये त्याच १९२२ सालच्या मे महिन्यात बॉटमलीला सात वर्षांची शिक्षा झाली. हे प्रकरण आपल्या उरणकरांना फार ओळखीचं वाटेल. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने व्हिक्टरी बाँड काढले होते. त्यांची कमीत कमी किंमत पाच पौंड, गरिबाला न परवडणारी. बॉटमलीने १९१९ साली व्हिक्टरी बाँड क्लब काढला. तुम्ही मला एकेक पौंड द्या, क्लब बाँड घेईल, व्याजाची सोडत काढून बक्षिसं वाटू आणि तुमची मुद्दल कधीही परत मिळेल. युद्धात भरतीसाठी भाषणं देऊन हा माणूस देशभक्त म्हणून गाजला होता, लोकांनी डोळे मिटून पैसे पाठवले. सुमारे पाच लाख पौंड जमले. हिशेबाच्या नावाने शंख. त्या पैशातून त्याने वर्तमानपत्रं घेतली, जर्मनांची एक पाणबुडी विकत घेऊन तिकीट लावून लोकांना दाखवली. अखेर मेंबरांचे दीड लाखाहून जास्त पौंड लाटल्याचा गुन्हा सिद्ध झाला. पार्लमेंटने हाकलून दिलं. त्याला आधी ठेवलं ते वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात, आणि हा तुरुंग गामा-झबिस्कोच्या त्या स्टेडियमपासून किलोमीटरभराच्या आत आहे!

आपल्याकडे २०२३ साली उरणच्या पूर्व भागातल्या गावांत काही आठवड्यांत पैसे दुप्पट करून देण्याचं प्रकरण गाजलं, पोलीस केस झाली, हे इथल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. पोर्टसाठी, सिडकोसाठी जमिनी गेल्या, त्याचा मोबदला हातात असलेली माणसं. नावं वेगळी, शतक वेगळं, पण रीत तीच. पहिल्या काही जणांना खरंच पैसे परत मिळतात, ते गावभर सांगतात आणि मग गाव उलटतं. कोणावर तरी विश्वास ठेवला हा त्या लोकांचा गुन्हा नव्हे. ज्या घरातले पैसे गेले त्या घराला हसणारे लोक मला बॉटमलीपेक्षा जास्त खटकतात.

असो, परत कुस्तीकडे. झबिस्कोचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं, कारण पालथा पडून राहिलेला हा गडी मला नंतर आवडायला लागला. तो अमेरिकेत गेला आणि १९२१ मध्ये तिथला चॅम्पियन झाला. पण तोवर अमेरिकेतली कुस्ती पूर्णपणे प्रमोटरांच्या हातात गेली होती. 'स्ट्रँगलर' लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी सगळा बाजार ताब्यात घेतला होता. कोण चॅम्पियन होणार हे ऑफिसात ठरायचं. १९२५ मध्ये त्यांनी वेन मन नावाच्या धिप्पाड फूटबॉलपटूला चॅम्पियन बनवलं. त्याला कुस्ती जवळपास येतच नव्हती, पण दिसायला जबरदस्त, तिकिटं खपतील. त्याची लायकी सिद्ध करायला फिलाडेल्फियात १५ एप्रिल १९२५ रोजी पंचेचाळिशीतला झबिस्को त्याच्याकडून हरणार असं ठरलं. झबिस्को रिंगमध्ये उतरला आणि ठरल्याप्रमाणे हरलाच नाही. त्याने मनला पुन्हा पुन्हा उचलून आपटलं आणि पंचाला निकाल देण्यावाचून पर्याय ठेवला नाही. वाचताना टाळी वाजवावीशी वाटते ना? थांबा. झबिस्को आतून दुसऱ्या प्रमोटरांना मिळालेला होता. दीड महिन्यातच त्याने तो किताब ज्यो स्टेचरला, म्हणजे त्या दुसऱ्या पार्टीच्या माणसाला देऊन टाकला. म्हणजे फसवणाऱ्यांना फसवलं, तेही दुसऱ्या फसवणाऱ्यांसाठी. प्रेक्षकांना दोन्ही वेळा तिकीट मात्र पुरं पडलं.

पुढे १९८९ साली या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या अमेरिकन कंपनीने, जिला आपण लहानपणापासून डब्ल्यूडब्ल्यूई म्हणून ओळखतो, न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःहून सांगून टाकलं की हा खेळ नसून करमणूक आहे. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे, खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर लागतात म्हणून. माझ्या रूमपार्टनरला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने अंडरटेकरच्या नावाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

तर हा झबिस्को १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला आला. महाराजांनी मुद्दाम बोलावलं होतं, खास मैदान तयार केलं होतं आणि हजारोंनी लोक जमले होते. अठरा वर्षांनंतर दोघे समोरासमोर, दोघेही पन्नाशीच्या आसपास. या वेळी खाली मॅट नव्हती, माती होती. कुस्ती एक मिनिटसुद्धा चालली नाही. झबिस्को पाठीवर पडला होता आणि मागच्या लोकांना अजून कळायचं होतं की सुरुवात झाली. लंडनच्या एखाद्या प्रमोटरने कपाळाला हात लावला असता. पतियाळात लोक नाचत होते.

त्यानंतर गामाशी लढायला योग्य माणूसच उरला नाही. आणि मग १९४७ आलं. गामा तेव्हा लाहोरला. दंगलींत आपल्या मोहल्ल्यातल्या हिंदू शेजाऱ्यांच्या दारात तो आपले पठ्ठे घेऊन उभा राहिला आणि त्यांना सुखरूप पुढे पोचवलं, असं सांगतात. पण त्या वर्षाने त्याच्या पोटावरही पाय आणला. पतियाळा सीमेच्या या बाजूला राहिलं, गामा त्या बाजूला. आणि थोड्याच काळात संस्थानंच संपली. दूध, तूप, तनखा देणारा दरबारच राहिला नाही. नवीन जगात कुस्तीवर पोट भरायचं तर तिकिटं विकायला हवीत, आणि तिकिटं विकायची कला त्याने कधी शिकलीच नव्हती. त्याच सुमारास मुंबईत फ्रीस्टाइल दंगलींना तोबा गर्दी व्हायला लागली, पुढे किंग काँग आणि दारासिंग यांची नावं घराघरांत गेली. म्हणजे बाजार होता, पण तो कॉक्रनने दाखवलेल्या वाटेवरचा बाजार होता.

शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. मिळालेल्या चांदीच्या गदा विकाव्या लागल्या असं म्हणतात. ही बातमी सीमेपलीकडे पोचली तेव्हा उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी भारतातून त्याला दोन हजार रुपये आणि महिना तीनशे रुपयांचं पेन्शन सुरू केलं. पाकिस्तान सरकारनेही मदत केली. (सहज सांगतो, नवाझ शरीफ यांच्या पत्नी कुलसूम या गामाच्या नात.) बॉटमली त्याच्या कितीतरी आधी, १९३३ मध्ये कफल्लक होऊन मेला. तुरुंगातून सुटल्यावर तो लंडनच्या एका थिएटरात स्टेजवर उभा राहून आपल्याच आठवणी सांगत पोट भरत होता.

आणि झबिस्को? १९५० मध्ये लंडनमध्ये घडणारा 'नाइट अँड द सिटी' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला. विषय, कुस्तीच्या धंद्यात पैसे करू पाहणारा एक थापाड्या. त्यात एक म्हातारा पैलवान आहे. त्याचा स्वतःचा मुलगा शहरातला सर्वांत मोठा कुस्ती प्रमोटर, नुरा कुस्त्यांवर श्रीमंत झालेला. म्हाताऱ्याला या खोट्या कुस्तीची चीड आहे. शेवटी तो रागाच्या भरात एका तरण्या पैलवानाशी खरी कुस्ती करतो, जिंकतो आणि त्याच श्रमाने मरतो. हे काम सत्तरीतल्या झबिस्कोने स्वतः केलंय. त्या कुस्तीच्या सीनमध्ये मागे संगीत नाही, नुसते श्वास ऐकू येतात. म्हातारा समोरच्याला मिठीत धरतो आणि सोडतच नाही, अगदी १९१० मध्ये मॅटला धरून ठेवली होती तसा. झबिस्को १९६७ मध्ये अमेरिकेत वारला. गामा त्याच्या सात वर्षं आधी, २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गेला.